गर्भ रुजतो कसा? परळच्या संशोधकांना सापडलं गर्भाशयाचं ‘दार’, पण आयव्हीएफ घेणाऱ्या जोडप्यांसाठी त्याचा अर्थ काय?

‘गर्भ चांगला होता, पण रुजला नाही.’

दादर, परळ, लालबाग, गिरगाव या पट्ट्यात आयव्हीएफ उपचार घेणाऱ्या कित्येक जोडप्यांनी हे वाक्य ऐकलेलं असतं. गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतरचे दहा-बारा दिवस जीव टांगणीला लागलेला असतो. मग रक्ताची ‘बीटा एचसीजी’ तपासणी होते आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

त्यानंतर घरी प्रश्न सुरू होतात. चाळीचे जिने चढली म्हणून झालं का? लवकर कामावर गेली म्हणून? लोकलच्या गर्दीत धक्के बसले म्हणून? पपई तर खाल्ली नव्हती ना?

या सगळ्या प्रश्नांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते. गर्भ रुजला नाही, म्हणजे बाईचं काहीतरी चुकलं.

प्रत्यक्षात गर्भ रुजतो तेव्हा आत काय घडतं, हे समजून घेण्यासाठी जगभरातल्या प्रयोगशाळा कित्येक दशकं काम करत आहेत. त्यातली एक प्रयोगशाळा परळमध्येच आहे. २०२५ मध्ये तिथल्या संशोधकांनी या कोड्याचा एक महत्त्वाचा तुकडा शोधून काढला.

हे संशोधन नेमकं काय आहे, गर्भाशय गर्भासाठी तयार कसं होतं, आणि उपचार घेणाऱ्यांना याचा आज काही उपयोग आहे का? समजून घेऊ.

बातमी काय आहे?

परळच्या जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवर ‘नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्टिव्ह अँड चाइल्ड हेल्थ’ ही संस्था आहे. ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआरच्या अखत्यारीत येते.

या संस्थेतल्या डॉ. दीपक मोदी यांच्या गटाने वाराणसीचं बनारस हिंदू विद्यापीठ आणि बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांच्यासोबत केलेलं संशोधन २०२५ मध्ये ‘सेल डेथ डिस्कव्हरी’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालं.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात एक ‘दार’ असतं आणि ते दोन जनुकं मिळून उघडतात, असं या संशोधनातून दिसलं. एकाचं नाव हॉक्स-ए-१०, दुसऱ्याचं ट्विस्ट-२. पहिलं दार बंद ठेवतं, दुसरं उघडतं. गर्भ ज्या जागी टेकतो, तिथेच आणि त्याच वेळी पहिलं शांत होतं आणि दुसरं जागं होतं.

समाजमाध्यमांवर ही बातमी ‘गर्भधारणेचं बटण सापडलं’ अशा थाटात फिरली. पण बटण सापडणं वेगळं आणि ते हवं तेव्हा दाबता येणं वेगळं. हा फरक कळण्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

परळ आणि टेस्ट ट्यूब बेबीचं नातं

६ ऑगस्ट १९८६. परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये हर्षा चावडा या मुलीचा जन्म झाला. वैज्ञानिक नोंदींसह सिद्ध झालेली भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद आहे. यामागे केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा होत्या, आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. आनंद कुमार ज्या संस्थेत काम करत होते, ती म्हणजे आज हे नवं संशोधन करणारी परळचीच संस्था. तेव्हा तिचं नाव ‘इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन’ होतं.

त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हा प्रयोग यशस्वी केला होता, पण सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे १९९७ मध्ये त्यांच्या नोंदी तपासून, पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असं जाहीरपणे सांगणारे होते ते हेच आनंद कुमार.

त्या काळात सगळ्यांचं लक्ष एका प्रश्नावर होतं. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचं मीलन शरीराबाहेर घडवता येईल का? ते घडवता आलं. आज मुंबईतल्या कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत ते रोज घडतं.

पण त्यानंतरची पायरी अजूनही माणसाच्या हातात पूर्णपणे आलेली नाही. डॉक्टर गर्भ गर्भाशयात सोडू शकतात, तो तिथे रुजवू शकत नाहीत. ते काम गर्भ आणि गर्भाशय या दोघांनाच करावं लागतं.

पहिल्या आठवड्यात काय होतं?

नैसर्गिक गर्भधारणेत स्त्रीबीज आणि शुक्राणू गर्भनलिकेत एकत्र येतात. तिथून तयार झालेला गर्भ हळूहळू गर्भाशयाकडे सरकतो. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत पाचव्या दिवसापर्यंत तो साधारण शंभर-सव्वाशे पेशींचा पोकळ गोळा बनतो. याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. आयव्हीएफमध्ये ‘डे फाइव्ह ट्रान्सफर’ म्हणतात तो याच टप्प्यावरचा.

मग हा गोळा आपलं पातळ कवच फोडून बाहेर येतो, अस्तराला टेकतो, चिकटतो आणि आत शिरतो. गर्भ रुजतो तो असा.

याची वेळ किती नेमकी असते? १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात महिलांच्या लघवीचे रोजचे नमुने तपासून गर्भ कोणत्या दिवशी रुजला हे शोधण्यात आलं. सहा आठवड्यांच्या पुढे टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्के गर्भ हे स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते.

उशीर झाला की धोका वाढत होता. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्या गर्भांपैकी १३ टक्के लवकरच गळून गेले. दहाव्या दिवशी रुजलेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं, अकराव्या दिवशी ५२ टक्के, आणि त्यानंतर रुजलेल्यांत ८२ टक्के.

म्हणजे पाळीच्या पूर्ण चक्रात गर्भाशय गर्भाला स्वीकारतं ते फक्त काही दिवस. डॉक्टर याला ‘इम्प्लांटेशन विंडो’ म्हणतात. एरवी हे अस्तर गर्भाला आत येऊ देत नाही.

निरोप कोण देतं?

गर्भाशयाला तयार करण्याचं काम करतात निरोप पोहोचवणारे रेणू. काही रक्तातून येतात, काही अस्तरातच तयार होतात आणि काही थेट गर्भाकडून येतात.

पहिला निरोप इस्ट्रोजेनचा. पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात हे हार्मोन अस्तर वाढवतं. सोनोग्राफीत ‘लायनिंग’ मोजतात ती हीच. सात मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती साधारणपणे पातळ समजली जाते.

दुसरा निरोप प्रोजेस्टेरॉनचा. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर अंडाशयात त्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते, तिला पीतपिंड म्हणतात. प्रोजेस्टेरॉन तिथून येतं. १९२९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी सशांवर प्रयोग केले. गाभण सशिणींचा पीतपिंड काढला की गर्भ मरत होते. पीतपिंडाचा अर्क टोचला की ते जगत होते. याच अर्कातल्या हार्मोनला पुढे प्रोजेस्टेरॉन हे नाव मिळालं.

प्रोजेस्टेरॉन अस्तराची वाढ थांबवतं आणि त्याचं रूप बदलतं. ग्रंथी स्राव तयार करू लागतात. आतल्या पेशी फुगून गोलसर होतात आणि गर्भाला पोसण्याच्या तयारीला लागतात.

आयव्हीएफमध्ये प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, जेल किंवा इंजेक्शनं दिली जातात त्याचं कारण हेच. गोठवलेला गर्भ औषधांवर तयार केलेल्या अस्तरात सोडला असेल, तर शरीरात पीतपिंड नसतो. अशा वेळी हा निरोप पूर्णपणे बाहेरून द्यावा लागतो. म्हणून डॉक्टरांना न विचारता ही औषधं थांबवणं धोक्याचं ठरू शकतं.

तिसरी फळी आहे अस्तरातल्या स्थानिक निरोपांची. प्रोजेस्टेरॉनचा हुकूम मिळाला की पृष्ठभागावरच्या पेशी खालच्या पेशींना निरोप पाठवतात. उंदरांमध्ये हे काम करणाऱ्या एका रेणूचं नाव मजेशीर आहे, ‘इंडियन हेजहॉग’. त्याचा भारतातल्या संशोधनाशी संबंध नाही. हेजहॉग या काटेरी प्राण्याच्या एका प्रजातीवरून ते नाव पडलं. हा निरोप मिळाला की खालच्या पेशी उलट उत्तर पाठवतात आणि पृष्ठभागाची वाढ थांबवतात. वरच्या पेशींची वाढ थांबली नाही, तर गर्भ टेकू शकत नाही.

ग्रंथींमधून येणारा आणखी एक निरोप म्हणजे लिफ. १९९२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लिफचं जनुक नसलेल्या उंदरिणींच्या पोटात गर्भ तयार होत होते, पण रुजत नव्हते. तेच गर्भ दुसऱ्या, लिफ असलेल्या उंदरिणींच्या पोटात ठेवले की रुजत होते. गर्भ चांगला असूनही रुजत नाही, असं होऊ शकतं, हे या प्रयोगाने दाखवून दिलं.

आणि चौथा निरोप खुद्द गर्भाचा. रुजू लागलेला गर्भ एचसीजी हे हार्मोन सोडतो. ते आईच्या पीतपिंडाला सांगतं, ‘थांबू नकोस, प्रोजेस्टेरॉन देत राहा.’ हा निरोप पोहोचला नाही तर पीतपिंड सुकतो आणि पाळी येते. घरी केलेल्या प्रेग्नन्सी टेस्टवर दुसरी रेघ उमटते ती याच एचसीजीमुळे. बीटा रिपोर्टमध्ये मोजतात तेही हेच.

मग परळच्या संशोधनात नवीन काय?

हॉक्स-ए-१० हे जनुक शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. १९९५ मध्येच दिसून आलं होतं की ते नसलेल्या उंदरिणींना गर्भधारणेत मोठी अडचण येते. त्यामुळे ‘हे जनुक चालू असणं गर्भधारणेसाठी चांगलं’ असं सरळ समीकरण मांडलं जात होतं.

परळच्या गटाला दिसलं की गोष्ट इतकी सरळ नाही. उंदीर, हॅमस्टर आणि माकड यांच्या गर्भाशयात, जिथे गर्भ टेकतो नेमकं तिथेच पृष्ठभागावरच्या पेशींमध्ये हॉक्स-ए-१० काही काळ कमी होतं. ते कमी झालं की ट्विस्ट-२ वाढतं. आणि ट्विस्ट-२ वाढलं की त्या पेशी सैल आणि लवचीक होतात. उंदरांमध्ये ट्विस्ट-२ दाबून ठेवल्यावर हे दार उघडलं नाही आणि गर्भ रुजू शकला नाही. माणसाच्या पेशींवर केलेल्या प्रयोगांतही या दोन जनुकांचं असंच नातं दिसलं. बंगळुरूच्या गटाने संगणकावर गणिती मॉडेल तयार करून ही अदलाबदल कशी होते ते तपासलं.

हे डोळ्यांसमोर आणायचं असेल तर लालबागची गणपतीची मिरवणूक आठवा. गर्दी आवरायला स्वयंसेवक हातात हात घालून साखळी करतात. एखादी ॲम्ब्युलन्स आली तर ते साखळी सोडून पळत नाहीत. त्या एका जागी पकड सैल करतात, वाट देतात आणि पुन्हा हात धरतात. अस्तराच्या पेशीही तेच करतात. पकड थोडी सैल होते, पूर्ण सुटत नाही.

शास्त्रज्ञ याला पेशींचं ‘अर्धवट रूपांतर’ म्हणतात. जखम भरतानाही पेशी अशाच सैल होतात. कर्करोग शरीरात पसरतो तेव्हाही याच प्रक्रियेची रूपं दिसतात. फरक इतकाच की गर्भाशयात हा बदल एका ठरावीक जागी, ठरावीक वेळेपुरता आणि अर्ध्यावर थांबणारा असतो.

म्हणजे हॉक्स-ए-१० आधी चालूही हवं आणि ऐन वेळी, एका जागी, बंदही व्हायला हवं. नुसतं ‘जास्त’ किंवा ‘कमी’ असून भागत नाही.

गर्भाशय म्हणजे शेत नव्हे

आपल्याकडे गर्भधारणेबद्दल बोलताना बीज आणि शेत ही उपमा फार जुनी आहे. बीज पुरुषाचं, शेत बाईचं. पीक आलं तर बीज उत्तम, नाही आलं तर जमीन नापीक. ‘कूस उजवली नाही’ या शब्दांतही दोष बाईच्याच पदरात पडतो.

रेणूंच्या पातळीवर पाहिलं तर ही उपमा टिकत नाही. जमीन बियाण्याशी बोलत नाही, गर्भाशय बोलतं. ते ऐकतं, उत्तर देतं आणि काही वेळा नकारही देतं.

नकाराची ही बाजू महत्त्वाची आहे. अस्तरातल्या बदललेल्या पेशी गर्भाची प्रत ओळखतात, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. वाढ खुंटलेला, सदोष गर्भ जवळ आला की या पेशी रुजण्यासाठी लागणारे निरोप कमी करतात. माणसाच्या अनेक गर्भांत गुणसूत्रांचे दोष असतात आणि स्त्रीचं वय वाढतं तसं त्यांचं प्रमाण वाढतं. हा दोष काही वेळा स्त्रीबीजातून येतो, काही वेळा शुक्राणूतून, तर काही वेळा गर्भाच्या पेशी विभागताना होतो. तो कुणाच्या वागण्यामुळे होत नाही.

परळच्याच गटाने २०१८ मध्ये ‘एंडोक्रायनॉलॉजी’ या विज्ञानपत्रिकेत या विषयाचा आढावा घेणारा लेख लिहिला होता. त्याच्या शीर्षकात त्यांनी गर्भ रुजण्याला प्रेमाच्या काळातलं युद्ध म्हटलं होतं. गर्भ आत घुसू पाहतो आणि अस्तर त्याला वाट देतानाच आवरतंही. आवरलं नाही तरी धोका असतोच. वार गर्भाशयाच्या भिंतीत नको तितकी खोल गेली, तर प्रसूतीच्या वेळी आईच्या जिवावर बेतू शकतं.

गर्भ रुजत नसेल तर कारणं कोणती असू शकतात?

सर्वांत मोठं कारण बऱ्याचदा गर्भातच असतं. गुणसूत्रांचा दोष असलेले अनेक गर्भ मुळातच रुजत नाहीत.

गर्भाशयाच्या बाजूची काही कारणं तपासता येतात आणि त्यातल्या काहींवर उपचारही आहेत. उदाहरणार्थ, आतल्या पोकळीत वाढलेला फायब्रॉइड किंवा पॉलिप, जुन्या क्युरेटिंगनंतर आत झालेली चिकटण, गर्भनलिकेत साठलेलं पाणी आणि अस्तराला आलेली दीर्घकाळची सूज.

आपल्याकडे आणखी एक कारण लक्षात ठेवावं लागतं, ते म्हणजे जननेंद्रियांचा क्षयरोग. टीबी फक्त फुफ्फुसांचा नसतो. तो गर्भनलिकांना आणि गर्भाशयाच्या अस्तरालाही होतो. खोकला नाही, ताप नाही, अनेकदा काहीच लक्षण नाही, आणि मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच तो सापडतो. अस्तर खोलवर खराब झालं असेल, तर हार्मोनचा निरोप पोहोचूनही उत्तर द्यायला पेशीच उरत नाहीत. मात्र यातही सावधगिरी हवी. फक्त एका पीसीआर रिपोर्टवर निदान पक्कं होत नाही. तो रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. इतर तपासण्यांशी ताळा करूनच टीबीची औषधं सुरू करायची असतात.

मग त्या महागड्या चाचण्या आणि इंजेक्शनं?

गर्भ दोन-तीनदा रुजला नाही की अनेक जोडप्यांसमोर मुख्य उपचाराव्यतिरिक्तच्या ‘ॲड-ऑन’ गोष्टींची यादी येते. आधीच कर्ज काढून किंवा दागिने मोडून उपचार घेणाऱ्यांना नाही म्हणणं कठीण जातं. यातल्या काहींबद्दल मोठ्या चाचण्यांनी काय सांगितलं ते पाहू.

पहिली आहे ‘एरा’ म्हणजे अस्तराची स्वीकारक्षमता तपासणारी जनुकीय चाचणी. अस्तराचा तुकडा काढून शेकडो जनुकं तपासायची आणि गर्भ सोडण्याची वैयक्तिक वेळ ठरवायची, अशी ही कल्पना. २०२२ मध्ये ‘जामा’मध्ये अमेरिकेतली ७६७ महिलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांचे गर्भ गुणसूत्रं तपासून घेतलेले होते. ‘एरा’प्रमाणे वेळ ठरवलेल्या गटात ५८.५ टक्के महिलांना मूल झालं. नेहमीच्या वेळी गर्भ सोडलेल्या गटात ६१.९ टक्के महिलांना झालं. म्हणजे चाचणीने फायदा दिसला नाही.

परळच्या संशोधनाशी हे जोडून पाहिलं तर एक मुद्दा लक्षात येतो. ‘एरा’साठी अस्तराचा तुकडा घेतला जातो तो आधीच्या एखाद्या चक्रात, गर्भ आत नसताना. पण ज्या दाराबद्दल परळचं संशोधन बोलतं, ते गर्भ टेकतो तिथे उघडतं. गर्भच नसेल तर ही अदलाबदल त्या तुकड्यात कशी दिसणार?

दुसरी आहे अस्तर खरवडण्याची प्रक्रिया, म्हणजे ‘स्क्रॅचिंग’. आधीच्या चक्रात अस्तराला बारीक जखम केली की ते गर्भाला लवकर स्वीकारतं, असा समज होता. २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १,३६४ महिलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. खरवडलेल्या गटात २६.१ टक्के महिलांना मूल झालं, न खरवडलेल्या गटातही २६.१ टक्केच.

तिसरं उदाहरण लिफचं. उंदरांमध्ये ज्याच्यावाचून गर्भ रुजतच नाही, तो निरोप इंजेक्शनमधून दिला तर? हा प्रयत्नही झाला. वारंवार अपयश आलेल्या महिलांना प्रयोगशाळेत बनवलेलं लिफ देऊन पाहण्यात आलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याचा फायदा झाला नाही.

यातून ‘बटण सापडलं’ आणि ‘उपचार सापडला’ यातलं अंतर कळतं. निरोप योग्य जागी, योग्य वेळी, योग्य मात्रेत आणि बाकीच्या निरोपांच्या सोबतीने यावा लागतो. एकच रेणू बाहेरून भरून हे जमत नाही.

युरोपातल्या प्रजनन तज्ज्ञांची संघटना ‘एश्रे’ने २०२३ मध्ये ॲड-ऑन्सवर शिफारशी जाहीर केल्या. त्यात स्वीकारक्षमतेच्या चाचण्या, स्क्रॅचिंग आणि इंट्रालिपिडचं सलाइन या गोष्टी सरसकट वापरण्याची शिफारस केलेली नाही.

जिने चढल्याने गर्भ पडतो का?

नाही. गर्भाशयाची पोकळी ही रिकामी खोली नसते. तिच्या दोन्ही भिंती एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या पातळ ओलाव्यात गर्भ असतो. चालल्याने, जिने चढल्याने, शिंकल्याने किंवा लघवीला गेल्याने तो खाली पडत नाही.

गर्भ सोडल्यानंतर पडून राहिल्याने मूल होण्याची शक्यता वाढते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पंधरा दिवस पलंगावर झोपून राहणं गरजेचं नसतं. रोजची हलकी कामं करता येतात. ज्यांच्या तब्येतीची काही वेगळी अडचण आहे, त्यांना डॉक्टर तसं सांगतात.

नेहमीच्या जेवणातल्या एखाद्या पदार्थाने अस्तरातल्या जनुकांची अदलाबदल थांबते, यालाही आधार नाही. धूम्रपान आणि तंबाखूचा मात्र गर्भधारणेवर वाईट परिणाम होतो, आणि हे स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे.

डॉक्टरांना काय विचारावं?

भारतात सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ मध्ये मंजूर झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार आयव्हीएफ सेंटरची नोंदणी बंधनकारक आहे. उपचारात यशाची शक्यता किती, फायदे-तोटे काय, खर्च किती, दुष्परिणाम आणि धोके कोणते, हे जोडप्याला समजावून सांगणं ही सेंटरची जबाबदारी आहे. जोडप्याची लेखी संमतीही लागते.

म्हणजे पुढचे प्रश्न विचारणं हा आगाऊपणा नाही, हक्क आहे.

• आमच्या वयोगटात या सेंटरमध्ये किती टक्के जोडप्यांना मूल झालं? फक्त पॉझिटिव्ह रिपोर्ट नव्हे, प्रत्यक्ष जन्म किती?

• गर्भ न रुजण्याचं कारण गर्भात असण्याची शक्यता किती, अस्तरात असण्याची किती?

• गर्भाशयाची पोकळी दुर्बिणीतून किंवा थ्रीडी सोनोग्राफीने पाहण्याची गरज आहे का?

• ही जास्तीची चाचणी किंवा इंजेक्शन घेतल्याने मूल होण्याची शक्यता वाढते, असं मोठ्या चाचणीत सिद्ध झालं आहे का? घेतलं नाही तर काय होईल?

• नवऱ्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या आहेत का?

शेवटचा प्रश्न अनेक घरांत सर्वांत उशिरा विचारला जातो.

पुढे काय?

परळच्या संशोधनातून उद्या लगेच औषध येणार नाही. माणसाच्या गर्भाशयात गर्भ टेकतो तो क्षण थेट पाहता येत नाही, पाहण्याचा प्रयत्न करणं नैतिकदृष्ट्याही शक्य नाही. म्हणून प्राणी, माणसाच्या पेशी आणि संगणक यांच्या आधारे तो जोडत जावा लागतो. ज्या महिलांमध्ये गर्भ वारंवार रुजत नाही, त्यांच्या अस्तरात हे दार नीट उघडतं का, हे तपासणं ही पुढची पायरी असेल. दार कुठे अडतं ते कळलं, तर कुणाला कोणता उपचार द्यायचा आणि कुणाला उगाच द्यायचा नाही, हे ठरवणं सोपं होईल.

१९८६ साली परळमध्ये शरीराबाहेर जुळवलेल्या गर्भातून एक मूल जन्माला आलं. जवळपास चाळीस वर्षांनी त्याच परळमध्ये त्यापुढच्या पायरीचा एक भाग उलगडतो आहे.

तोपर्यंत निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन घरी आलेल्या बाईला ‘तू जिने चढलीस का?’ असं विचारण्याचं काही कारण नाही. तिच्या पोटात जे घडलं किंवा घडलं नाही, ते डझनभर रेणूंच्या निरोपांमधलं होतं, आणि त्यातला एकही तिच्या हातात नव्हता.